अंजिराची काडी मागताना आणि देताना

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवर अंजीर लावायचं आहे. सासवडजवळच्या ओळखीच्या बागेतून जूनमध्ये पाच काड्या आणल्या. चार कुजल्या. पाचवीला सुंदर पानं आली आणि पंधरा दिवसांत तीही सुकली. आता बाजारात मिळणाऱ्या परदेशी नावांच्या काड्या विकत घ्याव्यात, की पुन्हा कुणाकडे मागाव्यात? आणि मागायच्या तर कशा?

सगळ्यात आधी त्या पाचव्या काडीविषयी सांगते, कारण अंजीर लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती फसवते. अंजिराच्या पक्व झालेल्या काडीत अन्नाचा साठा भरपूर असतो. ऊब आणि ओल मिळाली की त्या साठ्यावरच डोळे फुटतात, तळहाताएवढी दोन-तीन पानं येतात. खाली मात्र तेव्हा एकही मूळ नसतं. पानं मोठी झाली की पाणी मागू लागतात, ते द्यायला मुळं नाहीत, साठा संपत आलेला, आणि काडी मान टाकते. आपल्याला वाटतं तिला तहान लागली. आपण आणखी पाणी घालतो आणि उरलासुरला बुडखा कुजवून टाकतो. पालवी फुटली म्हणजे काडी लागली, असं समजूच नका. अंजिरात मूळ दिसल्याशिवाय काडी लागली असं म्हणायचं नाही.

बाकीच्या चार कुजल्या त्याची कारणं मला दोन दिसतात. पुरंदरात अंजिराचे दोन बहर धरतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला छाटणी करून धरतात तो खट्टा, आणि पावसाळा सरताना धरतात तो मीठा. जूनमध्ये तुम्ही गेलात तेव्हा छाटणीचं लाकूड पडलेलं असणार आणि शेतकऱ्याने मोकळ्या मनाने त्यातलं उचलून दिलं असणार. त्यात शेंड्याकडचे हिरवे, रसरशीत तुकडे आले की ते कुजणारच, कारण त्यांच्यात साठा नसतो, नुसतं पाणी असतं. दुसरं कारण ठाण्याचा पाऊस. हवाच इतकी ओली असते की कुंडीतली माती महिनाभर वाळत नाही. सासवडला, पावसाच्या सावलीतल्या त्या कोरड्या माळावर, जूनमध्ये जमिनीत खोचलेली काडी लागेल. तीच काडी ठाण्यात लागणार नाही.

तुमच्या हवेत काडी लावायची ती जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या काळात. थंडी उतरणीला लागलेली असते, डोळे अजून झोपलेले असतात, आणि पुढे ऊब वाढत जाते. पाऊस येईपर्यंत रोपाला चार महिने मिळतात. ओळखीच्या झाडाची छाटणी दुसऱ्या कोणत्या महिन्यात होणार असेल तर काडी तेव्हाच मागून ठेवा. ओलसर, पण पाणी गळणार नाही अशा वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली तर महिना-दीड महिना सहज टिकते. आठवड्यातून एकदा उघडून बघायची. बुरशीचा पांढरा कापूस दिसला तर पुसून कागद बदलायचा. बहुतेकांच्या काड्या फ्रिजमध्ये सुकून मरत नाहीत. कागद फार ओला ठेवल्याने मरतात.

काडी कोणती घ्यावी? सालभराची, करड्या-तपकिरी सालीची, पेन्सिलीपेक्षा जाड आणि अंगठ्यापेक्षा बारीक. लांबी वीतभर, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटर. तिच्यावर चार ते सहा डोळे हवेत. डोळे जवळजवळ असलेली काडी घ्यावी. लांब लांब पेरांची काडी सावलीत वाढलेली असते आणि ती नेहमी अशक्त निघते. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली आणि सरळ, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर आणि तिरका ठेवावा. तिरक्या कापामुळे वर पाणी साचत नाही आणि काडी उलटी लावली जाण्याची चूकही टळते.

कापल्यावर पांढरा चीक वाहील. तो हाताला लागू देऊ नका. अंजिराचा चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. हातमोजे घाला, चीक लागलाच तर साबणाने धुवा, आणि मुलांना त्या कामात घेऊ नका. काड्या पाच-दहा मिनिटं पाण्यात उभ्या ठेवल्या की चीक थांबतो. मग सावलीत ठेवून काप सुकू द्यायचा.

आता लावण्याची माझी पद्धत सांगते. ज्यूसच्या दुकानात मिळतो तसा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घेते आणि त्याच्या तळाला पाच-सहा भोकं पाडते. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घेते, कारण त्यात क्षार असतात, आणि त्यात निम्म्याच्या आसपास परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली जाडसर वाळू मिसळते. शेणखत, गांडूळखत, पोयटा यातलं काहीही या टप्प्यावर घालायचं नाही. मूळ नसलेल्या काडीला खाऊ घालून उपयोग नसतो, उलट कुजवणाऱ्या बुरशीला ते आयतं मिळतं. मिश्रण किती ओलं असावं? मुठीत गच्च दाबलं तर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर ते फार ओलं आहे, पसरून वाळवा. काडीचे दोन-तीन डोळे आत, एक-दोन बाहेर. ग्लासाभोवती वर्तमानपत्र गुंडाळायचं, कारण मुळांना अंधार लागतो. वर सैलसर पारदर्शक पिशवी, दिवसातून एकदा काढून हवा द्यायची. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही.

आणि मग पाणी घालायचं नाही. हे सगळ्यात कठीण आहे. ग्लास भरल्या दिवशी उचलून त्याचं वजन हाताला लक्षात ठेवा. तो स्पष्ट हलका लागला तरच कडेने दोन चमचे पाणी. मुळं फुटावीत म्हणून कापाला लावतात त्या पावडरीची अंजिराला सक्ती नाही. ती लावली तर मुळं थोडी आधी आणि जास्त येतात, पण कुजणारी काडी त्याने वाचत नाही. तीन ते पाच आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, कागद सोडून बघाल तेव्हा भिंतीला टेकलेली पांढरी मुळं दिसतील. पहिलं मूळ दिसल्यावर लगेच हलवू नका. चारही बाजूंना जाळं होऊ द्या. मग कोकोपीट न झटकता, गोळा तसाच उचलून मातीच्या पिशवीत ठेवायचा. सकाळचं ऊन एक तास, मग दोन तास, असं आठ-दहा दिवसांत उन्हाची सवय करायची. काडी लागली तरी ऊन अंगावर येऊन मेलेली रोपं मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिल्या वर्षी इवलीशी अंजिरं धरली तर ती काढून टाका. मन होत नाही, पण काढा.

आता तुमचा मुख्य प्रश्न: विकत घ्यावी की मागावी? माझं उत्तर ठाम आहे. ज्या झाडाचं फळ तुम्ही किंवा देणाऱ्याने खाल्लं आहे, त्याच झाडाची काडी घ्या. काडी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. आईच्या झाडात जे असेल ते सगळं तिच्यात येतं: गोडी, सालीचा रंग, फळ फाटण्याची खोड आणि रोगसुद्धा. बी लावून तसं होत नाही. आपल्या पुणेरी अंजिराच्या फळातल्या बिया परागीभवन न झाल्याने पोकळ असतात, त्या रुजतच नाहीत. रुजणाऱ्या बिया मिळाल्या तरी त्यांतली साधारण निम्मी झाडं खाण्यालायक फळ न देणारी नर निघतात. म्हणून अंजीर एका हातातून दुसऱ्या हातात गेलं ते काडीनेच.

हे किती जुनं आहे याचा एक पुरावा मला फार आवडतो. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिल्गाल इथे सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची जळून टिकलेली अंजिरं सापडली. ती परागीभवनाशिवाय पिकणाऱ्या जातीची होती, म्हणजे ती झाडं माणसांनीच काड्या लावून वाढवली असावीत, असं संशोधकांनी 2006 मध्ये मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. पण खरं असेल तर गव्हाच्या शेतीच्याही आधी कुणीतरी शेजाऱ्याकडून काडी आणून ती ओल्या जमिनीत खोचली होती.

परदेशी नावाच्या काडीत मोठा धोका वेगळाच आहे. उंबराचं फळ फोडून त्यातली चिलटं तुम्ही लहानपणी पाहिली असतील. उंबर, वड, पिंपळ, अंजीर ही एकाच कुळातली भावंडं. सगळ्यांची फुलं फळाच्या आत, आणि परागीभवन करणारं कीटक ज्याचं त्याचं वेगळं. उंबराचं चिलट अंजिराच्या कामाचं नाही. अंजिराच्या काही जातींना त्यांचं खास चिलट लागतंच, ते नसेल तर फळं लहान असतानाच गळून पडतात. स्मिर्ना गटातल्या जाती अशा आहेत. आपल्या पुणे अंजिराला त्याची गरज नाही, म्हणून ते इथे पिकतं.

कॅलिफोर्नियाने हा धडा महागात घेतला. 1880 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रातले गुलियन रिक्सफर्ड यांनी तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून सुमारे 14,000 काड्या मागवल्या आणि त्या वर्तमानपत्राच्या वर्गणीदारांना वाटल्या. काड्या लागल्या, झाडं मोठी झाली, फळं धरली आणि दरवर्षी गळत राहिली. तुर्कांनी आपल्याला फसवून निकामी जात दिली असं समजून लोकांनी झाडं उपटली. खरं तर दिलेल्या काड्या अस्सल होत्या. चिलट मात्र सोबत आलं नव्हतं. ते फ्रेझ्नोच्या बागांत स्थिरावलं 1899 मध्ये, आणि मग त्याच जातीने कॅलिफोर्नियाचा सुक्या अंजिराचा व्यवसाय उभा केला. म्हणून कुणी ‘कॅलिमिर्ना’ (स्मिर्नाचंच कॅलिफोर्नियातलं नाव) किंवा ‘स्मिर्ना’ म्हणून काडी देऊ केली तर ती गच्चीवर नुसती पानांची शोभा होईल. ‘ब्लॅक मिशन’, ‘ब्राउन टर्की’, ‘डायना’ यांना चिलट लागत नाही. पण विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय ते खरंच ते आहे का, हे वीतभर काडी बघून कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. फळ लागेपर्यंत दोन वर्षं जातात, तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो.

तुमच्या दारापासून काही तासांवर पुरंदर आहे. दिवे, गुरोळी, सिंगापूर, राजेवाडी या गावांचं अंजीर पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या बाजारात येतं. 2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच तालुक्यात जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधनाचं केंद्र आहे. मराठवाड्याकडचे कुणी ओळखीचे असतील तर दौलताबादच्या अंजिरातून निवडलेली ‘दिनकर’ जात मागून बघा. या हवेत रुळलेली काडी हाताशी असताना पहिलं झाड परदेशी नावाचं लावू नका. दुसरं, तिसरं हवं तर लावा.

मागायची कशी? शेतकऱ्याकडे छाटणीच्या दिवसांत जा, आधी फोन करून. फळं धरलेल्या झाडावर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवायला सांगू नका, ती त्याची सालभराची कमाई आहे. जे लाकूड तो बांधावर टाकणार आहे त्यातून आपण निवडून घ्यायचं आणि पैसे विचारायचे. तो नको म्हणेल, तेव्हा एक पेटी अंजीर त्याच्याकडूनच विकत घ्यावं. स्वतःचं सिकेटर नेणार असाल तर ते आदल्या दिवशी धुऊन स्पिरिटने पुसलेलं असू द्या. काडी घेताना झाडाकडे नीट बघा. खोडाला भोक आणि खाली भुसा पडलेला दिसला तर आत खोडकिडा आहे, त्या फांदीची काडी नको. पानांच्या मागे तपकिरी पूड असेल तर तो तांबेरा. पावसाळी हवेत तो थोडाफार सगळीकडे असतो, त्यामुळे काडीवरची सगळी पानं तिथेच काढून टाकली की पुरे. सालीवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असेल तर जुन्या मऊ टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून घ्या.

पण पानांवर पिवळट वेडेवाकडे डाग, कडा गंजल्यासारख्या, पानं मुडपलेली आणि एकाच फांदीवर निरनिराळ्या आकाराची दिसली, तर काडी घेऊ नका, कुणी कितीही प्रेमाने दिली तरी. तो मोझॅक हा विषाणूरोग असतो. काडीतून तो नक्की जातो, डोळ्यांना न दिसणारी एक कोळीही तो पसरवते, आणि त्याला औषध नाही. मी एका रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर असे डाग होते. अन्नद्रव्य कमी पडत असेल म्हणून मी वर्षभर खतं घालत राहिले, आणि तेवढ्या काळात त्याच्या काड्या तीन घरी दिल्या. कळलं तेव्हा तिन्ही घरी फोन केला आणि झालं ते सांगितलं. एकीने तोवर ते झाड आपल्या जुन्या अंजिराच्या शेजारी लावलेलं होतं. त्या फोनची बोच अजून गेलेली नाही. तेव्हापासून माझ्या झाडाचा एक पूर्ण हंगाम पाहिल्याशिवाय मी त्याची काडी कुणाला देत नाही.

मोझॅक काडीतूनही येतो, पण बाकी रोगकिडींचा विचार केला तर मुळं असलेल्या रोपापेक्षा नुसती काडी घेणं मला जास्त सुरक्षित वाटतं. रोपाबरोबर माती येते, आणि मातीबरोबर मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी येतात. अंजीर त्यांना फार लवकर बळी पडतं. कोरड्या, धुतलेल्या काडीबरोबर ते येत नाहीत.

टपालाने पाठवायची असेल तर दोन्ही कापांना वितळलेल्या मेणाचा पातळ थर द्या, काडी किंचित ओलसर कागदात आणि वरून प्लास्टिकच्या पट्टीत घट्ट गुंडाळा, आणि पुठ्ठ्याच्या नळीत घाला. सोमवारी पाठवा म्हणजे पार्सल रविवारी गोदामात पडून राहत नाही. एप्रिल-मेमध्ये पाठवूच नका, बंद गाडीत काडी शिजते. नाव काडीवरच लिहा, पाकिटावर नको. चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेन्सिलीने जात, गाव, महिना आणि वर्ष. शाई उडते, पेन्सिल टिकते. नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने नाव देऊ नका. ‘राजेवाडी, विहिरीजवळचं झाड, 2019’ हे चुकीच्या भारदस्त नावापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून काडी आणायचा मोह तुम्हाला होईल, तो टाळा. 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचा वनस्पती-आरोग्य दाखला याशिवाय लावणीचं साहित्य देशात आणता येत नाही. आणि मोझॅकचं वर सांगितलंच. उलट्या दिशेनेही तेच. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला सासवडची काडी हवी होती, मी नाही म्हटलं. मग तिने शेजारच्या इटालियन आजोबांकडे मागितली. तिकडच्या इटालियन घरांत अंजीर जपण्याची मोठी परंपरा आहे. बर्फ पडायच्या आधी झाड वाकवून चरात पुरतात किंवा पोती गुंडाळतात आणि वसंतात पुन्हा उभं करतात. आजोबांनी पानगळीनंतर तीन काड्या दिल्या आणि झाड वाकवायचं कसं तेही शिकवलं. त्या अंगणात आता मराठी घरातलं अंजीर आहे.

एकच गोष्ट राहिली. काडी मिळाली की झाड मोठं झाल्यावर तुम्ही ती निदान दोन घरी द्या. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्हाला पाच आठवडे बाहेर राहावं लागलं, पाण्याची सोय मधेच तुटली आणि माझं सगळ्यात जुनं, 14 वर्षांचं झाड पिंपात वाळून गेलं. ज्यांच्याकडून मी ते आणलं होतं त्यांची बाग तोवर रस्त्यात गेली होती. पण त्याची काडी मी मिरजेच्या एका मैत्रिणीला दिलेली होती. फेब्रुवारीत तिच्याकडून चार काड्या आल्या, त्यावर माझ्याच अक्षरातली पट्टी तिने जपून पुन्हा चिकटवली होती. त्यातल्या तीन लागल्या.

त्या तिन्हींतल्या एका झाडाची छाटणी मी या वर्षी मुद्दाम जानेवारीअखेरपर्यंत थांबवणार आहे. फळ मी दोन हंगाम खाल्लं आहे, पानं स्वच्छ आहेत. तुमच्यासाठी चार काड्या बाजूला ठेवते. ग्लास आणि कोकोपीट तयार ठेवा, आणि कोकोपीट धुऊन ठेवा.